छत्तीस अधिकारी आणि काळ्या जमिनीतील वाफे

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग बोलून दाखवितात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्यापासून शेगावपर्यंत काळी कपाशीची जमीन पसरलेली आहे. बाहेरून ती एकसारखी दिसते. परंतु ती कसणारा शेतकरी जाणतो की, एकाच शेतात नाल्याकडची पट्टी वेगळी आणि बांधाकडची वेगळी. उताराच्या दिशेने मातीची खोली बदलते, ओल टिकण्याची शक्ती बदलते, कोठे खारेपणाही वाढतो. अशा शेतात कपाशीचे पाच वाण शेजारी शेजारी पेरले आणि त्यांतील एकाचे बोंड अधिक भरले, तर तो गुण वाणाचा की जमिनीचा? विसाव्या शतकात गणिताची एक मोठी शाखा ज्या साध्या शंकेतून फोफावली, ती शंका हीच होय.

तिचे उत्तर रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात १९२० नंतरच्या दशकात दिले. शेताचे पंचवीस वाफे पाडावे, पाच ओळींत पाच. आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच व प्रत्येक उभ्या स्तंभात एकदाच येईल अशी मांडणी करावी. मग जमीन कोणत्या दिशेने बदलते हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही. प्रत्येक वाणाने चांगल्या पट्टीचा व वाईट पट्टीचा सारखाच वाटा घेतलेला असतो, त्यामुळे ओळींचा व स्तंभांचा परिणाम बेरजेतून वजा करता येतो. या मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात, आणि ओळींच्या संख्येस त्या चौरसाची कोटी.

प्रयोगकर्त्याची हाव येथे थांबत नाही. पाच वाणांबरोबर नत्राच्या पाच मात्राही त्याच पंचवीस वाफ्यांत तपासता आल्या तर दुसऱ्या शेताचा खर्च वाचतो. त्यासाठी दुसरा लॅटिन चौरस पहिल्यावर असा ठेवला पाहिजे की, प्रत्येक वाणाची प्रत्येक मात्रेशी गाठ एकदा आणि एकदाच पडावी. असे दोन चौरस परस्परलंब होत. पाच या कोटीसाठी ते मिळविणे अगदी सोपे आहे. ओळींस व स्तंभांस ० ते ४ हे अंक द्यावे. I व्या ओळीतील j व्या वाफ्यात पहिला अंक i+j व दुसरा अंक 2i+j असा लिहावा, आणि बेरजेस पाचाने भागून शेष घ्यावा :

०० ११ २२ ३३ ४४
१२ २३ ३४ ४० ०१
२४ ३० ४१ ०२ १३
३१ ४२ ०३ १४ २०
४३ ०४ १० २१ ३२

पंचवीस जोड्यांत एकही जोडी दुबार आलेली नाही. पहिला अंक वाणाचा समजावा, दुसरा मात्रेचा. हीच युक्ती कोणत्याही विषम कोटीस चालते. सम कोटीस मात्र ती प्रथमग्रासीच अडते, कारण i दुप्पट केला की स्तंभात दोनाचे अंतर पडत जाते आणि निम्मे अंक दुबार येतात. दुसरा चौरस लॅटिनच राहत नाही.

ही अडचण युक्तीची की वस्तुस्थितीची? लिओनार्ड ऑयलर यांनी हा प्रश्न १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडला आणि १७८२ मध्ये तो छापला गेला. त्यांच्यापुढे शेत नव्हते, पलटणी होत्या. सहा पलटणींतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी घ्यावे व त्यांचा असा चौरस उभा करावा की, प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक व प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असावा. एका चौरसासाठी त्यांनी लॅटिन अक्षरे वापरली व दुसऱ्यासाठी ग्रीक. ‘लॅटिन चौरस’ हे नाव तेथून आले. (एकावर एक चौरस ठेवण्याची कल्पना मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. नारायण पंडिताच्या १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त भद्रगणिताच्या प्रकरणात छाद्य आणि छादक अशा दोन चौरसांच्या संयोगाने जादूचे चौरस बनविलेले आहेत. उद्देश निराळा, पण हाताची हालचाल तीच.)

ऑयलर यांना विषम कोटीचे आणि चाराने भाग जाणाऱ्या कोटीचे चौरस मिळाले. उरल्या २, ६, १०, १४, १८ या संख्या, म्हणजे ज्यांना दोनाने भाग जातो पण चाराने जात नाही अशा. दोनाची गोष्ट उघड आहे. सहाचे अधिकारी ऑयलर यांस उभे करता आले नाहीत, आणि त्यांनी अटकळ बांधली की, या मालिकेतील कोणत्याही संख्येस परस्परलंब जोडी असू शकत नाही.

ही अटकळ निराधार नव्हती, हे विद्यार्थ्यांच्या मनावर आधी ठसविले पाहिजे. नाहीतर पुढील कथेचे मर्म हरवते. सम कोटी n चा i+j हा साधा बेरजेचा चौरस घ्यावा. त्याला परस्परलंब जोडीदार असेल तर जोडीदाराचा एकच अंक जेथे जेथे येतो ते n वाफे पाहावे. त्या वाफ्यांत प्रत्येक ओळ एकदा, प्रत्येक स्तंभ एकदा व पहिल्या चौरसाचा प्रत्येक अंक एकदा आलेला असणार. अशा n वाफ्यांच्या निवडीस छेदिका म्हणावे. छेदिकेवरील अंकांची बेरीज ही ओळींच्या क्रमांकांची व स्तंभांच्या क्रमांकांची मिळून बेरीज असते. ० पासून n−1 पर्यंतच्या संख्यांची बेरीज S मानली तर S आणि 2S यांस n ने भागून सारखाच शेष राहिला पाहिजे, म्हणजे S ला n ने निःशेष भाग गेला पाहिजे. परंतु S ची किंमत n(n−1)/2 आहे आणि n सम असता तिला n ने भाग जात नाही. म्हणून छेदिका एकही नाही. आणि जोडीदाराचा प्रश्नच मिटला. हा युक्तिवाद चार-सहा ओळींचा आहे, पण तो फक्त बेरजेच्या चौरसापुरता खरा आहे. चाराच्या कोटीला बेरजेचा चौरस सोडून सांत क्षेत्राचा चौरस घेतला की वाट मोकळी होते. ऑयलर यांची चूक असेल तर ती एवढीच की, एका वाटेवरचा अडसर त्यांनी सर्व वाटांवरचा मानला.

सहाच्या बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे खरे ठरले. अल्जिअर्समध्ये सरकारी नोकरीत असलेल्या गॅस्टन टॅरी यांनी १९०० च्या सुमारास सहा कोटीच्या चौरसांची छाननी हाताने पुरी केली. पहिली ओळ व पहिला स्तंभ क्रमवार असलेले असे ९,४०८ चौरस आहेत. टॅरी यांनी त्यांची सतरा कुळे पाडली व एकाही कुळात जोडीदार सापडत नाही असे दाखविले. यापुढे ऑयलर यांची अटकळ हा एक प्रकारचा शिष्टसंमत समज होऊन बसला. १९२२ मध्ये मॅकनिश यांनी ती आणखी व्यापक केली : कोटीचे मूळ संख्यांच्या घातांत अवयव पाडावे, त्यांतील सर्वांत लहान घातातून एक वजा करावा, तितकेच परस्परलंब चौरस मिळतील, अधिक नाही. १० साठी हा हिशेब २ − १ = १ असा, म्हणजे जोडी नाही.

हा समज मोडणाऱ्या तिघांपैकी दोघे भारतीय होते व त्यांतील एक मराठी. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात झाले. पुढे कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत त्यांचा राजचंद्र बोस यांच्याशी संबंध आला. बोस यांनी १९३८ मध्ये, कोटी ही मूळ संख्या किंवा तिचा घात असेल तर n−1 इतके परस्परलंब चौरस सांत क्षेत्राच्या साहाय्याने कसे मिळवावे हे ‘सांख्य’ या पत्रिकेत दाखविले होते. संस्कृतात व मराठीत ‘क्षेत्र’ म्हणजे शेतही. पिकांच्या प्रयोगासाठी बीजगणितातले क्षेत्र उपयोगी पडावे हा योगायोग आपल्या भाषेपुरताच गोड आहे. श्रीखंडे यांनी नागपुरास अध्यापन केले, बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि ते पुन्हा नागपुरास परतले. त्या काळी वऱ्हाडातील महाविद्यालये, म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थीही, नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ १९८३ मध्ये आले.

पहिला धक्का अर्नेस्ट पार्कर यांनी दिला. चार कोटीच्या प्रक्षेपीय प्रतलात २१ बिंदू व २१ रेषा असतात. प्रत्येक रेषेवर पाच बिंदू, आणि कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा. पार्कर यांची कल्पना अशी की, २१ कोटीच्या चौरसात i व्या ओळीच्या j व्या वाफ्यात काय लिहावे हे ठरविण्यासाठी i आणि j यांतून जाणारी रेषा पाहावी, त्या पाच बिंदूंवर पाच कोटीचा चौरस मांडावा व त्याच्याकडून अंक मागून घ्यावा. कर्णावर i व्या जागी i च लिहावा. पाच कोटीचे असे, कर्णाची अट पाळणारे, तीन परस्परलंब चौरस मिळतात. म्हणून २१ चेही तीन मिळतात. मॅकनिश यांच्या हिशेबाने ते दोनच असावयास हवे होते.

बोस व श्रीखंडे यांनी ओळखले की, सर्व गट सारख्या आकाराचे असण्याचे कारणच नाही. या एका निरीक्षणाने सारा प्रश्न उलटला. पंधरा शाळकरी मुलींचे प्रसिद्ध कोडे येथे उपयोगी पडले. १८५० मध्ये किर्कमन यांनी विचारले होते : पंधरा मुलींनी सात दिवस रोज तिघी-तिघींच्या पाच गटांत फिरावयास जावे, आणि कोणत्याही दोघी एकदाच एकत्र याव्या, हे कसे? उत्तर असते. आता प्रत्येक दिवसासाठी एक नवा बिंदू घ्यावा व तो त्या दिवसाच्या पाचही गटांत मिळवावा. गट चारांचे झाले. सात नव्या बिंदूंचा आणखी एक गट करावा. बिंदू एकंदर २२, आणि कोणतेही दोन बिंदू एकाच गटात. चार व सात या दोन्ही कोटींस कर्णाची अट पाळणारे दोन परस्परलंब चौरस आहेत, म्हणून २२ सही आहेत. बावीस ही ऑयलर यांच्या निषिद्ध मालिकेतील संख्या होय. १७७ वर्षांची अटकळ एका खेळकर कोड्याच्या आधाराने कोसळली.

दहाचा प्रश्न त्याहून कठीण, कारण त्याला गटांत फोडण्यास जागा नाही. कॅलिफोर्नियातील एका गणकयंत्रावर शंभरावर तास शोध घेऊनही हाती काही लागले नव्हते. पार्कर यांनी दहा म्हणजे सात आणि तीन असे पाहिले. पुढील मांडणी त्या तिघांच्या १९६० च्या संयुक्त लेखातील आहे. ती पूर्णपणे देण्याचे कारण असे की, ती तासाभरात फळ्यावर पडताळून पाहता येते. अंक ० ते ६ हे सातच्या मापांकाने घ्यावे व क, ख, ग ही तीन वेगळी चिन्हे घ्यावी :

० ० ० १ २ ३ ६ ५ ४ क ख ग
१ २ ३ ० ० ० क ख ग ६ ५ ४
६ ५ ४ क ख ग ० ० ० १ २ ३
क ख ग ६ ५ ४ १ २ ३ ० ० ०

प्रत्येक उभी चौकडी एक वाफा सांगते : पहिले चिन्ह ओळीचे, दुसरे स्तंभाचे, तिसरे पहिल्या चौरसातील अंक, चौथे दुसऱ्यातील. पहिली चौकडी (०, १, ६, क) अशी आहे. तिच्यातील अंकांत एकेक मिळवीत जावे, अक्षरे तशीच ठेवावी : (१, २, ०, क), (२, ३, १, क) याप्रमाणे सात चौकड्या. बारा चौकड्यांच्या मिळून ८४ झाल्या. त्यांत (०, ०, ०, ०) पासून (६, ६, ६, ६) पर्यंतच्या सात मिळवाव्या. उरल्या नऊ, त्या क, ख, ग यांवरील तीन कोटीच्या परस्परलंब जोडीच्या. बेरीज १००.

ती बरोबर आहे हे कसे कळावे? वरील चार आडव्या ओळींपैकी कोणत्याही दोन घ्याव्या. जेथे दोहोंत अंक आहेत तेथील फरक काढले की १ ते ६ हे सर्व शेष एकेकदाच येतात. जेथे एकीत अक्षर व दुसरीत अंक आहे तेथे प्रत्येक अक्षर दोन्ही बाजूंनी एकेकदा येते. अंकांत एकेक मिळविले की त्यामुळे भिन्न अंकांची प्रत्येक जोडी व अक्षर-अंकाची प्रत्येक जोडी एकदाच येते; समान अंकांची जोडी सातांनी आणि अक्षर-अक्षराची जोडी नऊंनी भरून निघते. कोणत्याही दोन ओळींत शंभर जोड्या एकेकदाच येणे म्हणजेच लॅटिनपण आणि परस्परलंबता दोन्ही. तीनच्या जागी कोणतीही विषम संख्या m घेतली आणि सातच्या जागी 2m+1, तर हीच मांडणी 3m+1 कोटीची जोडी देते; मोजणीचे सूत्र 4m(2m+1) + (2m+1) + m² = (3m+1)² हे विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पाहावे. ऑयलर यांच्या आयुष्यात जे अवघड ठरले त्याला शाळेतील बेरीज-वजाबाकीहून अधिक सामग्री लागत नाही. ही गोष्ट दिलासा देणारी आहे की लाजविणारी, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९५९ च्या एप्रिलमध्ये हे निष्कर्ष अमेरिकन गणित परिषदेच्या अधिवेशनात जाहीर झाले आणि २६ एप्रिलच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्यांची वार्ता आली. पुढे तिघांनी मिळून दाखविले की, २ आणि ६ वगळता प्रत्येक कोटीस परस्परलंब जोडी असते. ऑयलर यांच्या अनंत मालिकेतून खऱ्या निघाल्या त्या दोनच संख्या.

श्रीखंडे यांचे नाव आणखी एका वस्तूस चिकटले आहे. बुद्धिबळाच्या पटाऐवजी सोळा घरांचा चार-चारचा पट घ्यावा व हत्तीच्या एका चालीने जोडली जाणारी घरे रेषेने जोडावी. प्रत्येक घराचे सहा शेजारी होतात. आणि घरे शेजारी असोत वा नसोत, कोणत्याही दोन घरांचे सामाईक शेजारी दोनच. मोठ्या-लहान पटांसाठी अशा आकड्यांवरून हत्तीचा आलेख निश्चित ओळखता येतो का? श्रीखंडे यांनी १९५९ मध्येच सिद्ध केले की येतो, फक्त चाराचा पट सोडून. तेथे हेच आकडे पाळणारा पण वेगळा असा एकच आलेख आणखी आहे. तो काढणे सोपे आहे : मापांक चारच्या जोड्या घ्याव्या आणि ज्यांचा फरक (१, ०), (०, १) किंवा (१, १), अथवा त्यांचा ऋण, त्यांना जोडावे. हत्तीच्या आलेखात ओळीतील चारही घरे परस्परांशी जोडलेली असतात. श्रीखंडे आलेखात अशी चौकडी एकही नाही. आकडे जुळले म्हणून रचना जुळत नाही, हे दाखविण्यास जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज हेच उदाहरण देतात. बनारसनंतर ते १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि तेथील गणित विभाग त्यांनी घडविला. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षानंतर, त्यांचे निधन झाले.

या विषयात अलीकडे जे घडले ते अधिकच चमत्कारिक आहे. टॅरी यांनी छत्तीस अधिकाऱ्यांचा निकाल लावला होता. पण २०२२ मध्ये मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था व पोलंडमधील क्राकोचे यागिएलोनियन विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी, सुहैल अहमद राथर, आरुल लक्ष्मीनारायण, कारोल झिचकोवस्की व त्यांचे सहकारी यांनी, तेच अधिकारी क्वांटम नियमांनी उभे करून दाखविले. येथे अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पलटण ठाम नसतात; प्रत्येक घरात निरनिराळ्या हुद्द्यांचे व पलटणींचे परस्परांत गुंतलेले मिश्रण असते, आणि लंबतेची अट त्या मिश्रणांनी पाळावयाची असते. त्यांच्या उत्तरातील सहगुणकांत सुवर्णगुणोत्तर डोकावते. टॅरी चुकले असे याने होत नाही. प्रश्नाचा अर्थच विस्तारला आहे. अशा रचना क्वांटम माहितीतील चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या कामी येतात.

आणि साध्या, शाळकरी अर्थाने दहाचा प्रश्न अजून संपलेला नाही. दहा कोटीचे नऊ परस्परलंब चौरस असते तर दहा कोटीचे प्रक्षेपीय प्रतल मिळाले असते. १९४९ च्या ब्रूक-रायझर प्रमेयाने सहा व चौदा यांस वगळले, पण दहा ही १ + ९ अशी दोन वर्गांची बेरीज असल्याने ती सुटली. १९८९ मध्ये लाम व सहकाऱ्यांनी प्रचंड यांत्रिक गणनेने ते प्रतल नाही असे ठरविले. मग दोन आणि नऊ यांच्यामध्ये किती? तीन परस्परलंब चौरस आहेत की नाहीत, एवढेही आज कोणास ठाऊक नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने येथे एक खेदाची बाब नोंदविली पाहिजे. कृषिशाखेचा विद्यार्थी लॅटिन चौरस शिकतो तो बहुधा विचरण-विश्लेषणाच्या तक्त्यासाठी, आणि पाच कोटीच्या चौरसात त्रुटीसाठी (५−१)(५−२) म्हणजे बारा स्वातंत्र्यमात्रा उरतात हे पाठ करतो. गणिताचा पदव्युत्तर विद्यार्थी सांत क्षेत्रे शिकतो आणि त्यांचा उपयोग कोठे झाला हे त्याला क्वचितच सांगितले जाते. १९६९ मध्ये स्थापन झालेले कृषि विद्यापीठ अकोल्यास आहे, गणिताचे वर्ग बुलढाण्यात, खामगावात आणि अमरावतीस आहेत. अंतर फार नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधन-प्रकल्पास जागा दिली आहे. त्या जागेत वरील बारा चौकड्या ठेवता येतील : पहिल्या सप्ताहात शंभर जोड्या हाताने तपासाव्या, दुसऱ्यात m = ५ घेऊन सोळा कोटीची जोडी बांधावी, तिसऱ्यात संगणकास दहाच्या जोडीतील पहिल्या चौरसाच्या सर्व छेदिका मोजावयास सांगाव्या. तिसरा चौरस हवा असेल तर दोन्ही चौरसांस सामाईक असलेल्या, एकमेकींस न छेदणाऱ्या दहा छेदिका लागतात. वरील जोडीत अशा सामाईक छेदिका किती निघतात, येथून काम सुरू करावे.